शेवटच्या रांगेतला अंगठा

३ सप्टेंबर

बारके,

मायना काय लिहावा यापायी दोन कागद फुकट गेले. ‘चि.’ लिहिलं तर म्हणशील, ताईचा मोठेपणा अजून सुटत नाही. ‘प्रिय’ म्हणावं तर आपल्या घरात तो शब्द कधी कुणी वापरलाच नाही. म्हणून घरात हाक मारायचे तसंच लिहिलं आहे. फाडायचंच असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून फाड, कारण कामाचं शेवटी आहे.

गेल्या आठवड्यात मी तुला फोन केला होता. नंबर मावसभावाकडून काढला आणि त्याबदल्यात त्याच्या सगळ्या चौकशा सोसल्या. तू फोन उचललास. मी म्हटलं, ‘मी बोलतेय, ताई.’ पलीकडून शब्द नाही, नुसती खरखर. मी हॅलो हॅलो करत राहिले आणि मग ठेवून दिला. राग अजून गेला नाही, एवढं समजले. पत्राचं बरं असतं. समोरचं माणूस गप्प बसलं तरी आपलं सांगून होतं.

तर बातमी अशी, की पुलापलीकडचं थिएटर दुरुस्त होऊन पुन्हा उघडतंय. मला हे धडाडकडून कळलं. हो, तोच, आपला ड्रमवाला. केस गेले, ढेरी आली, पण चालताना अजून बोटांनी मांडीवर ताल धरतो. दुकानात आला, काउंटरवर चष्मा ठेवला आणि म्हणाला, ‘दांडी सैल झालीय.’

मी स्क्रू आवळून दिला. तो हलेना. म्हटलं, ‘अजून काय सैल झालंय?’

‘थिएटर उघडतंय. पहिल्या महिन्यात जुन्या लोकांना एकेक संध्याकाळ देणार आहेत. मी, बासवाला आणि तू.’

‘आणि गाणार कोण?’

त्यानं चष्मा लावला, काढला, परत लावला. ‘गाणं नको. नुसतं वाजवू.’

मी नाही म्हणणार होते. चष्म्याच्या काचा पुसण्यात आयुष्य बरं चाललंय. पण घरी जाऊन कपाटावरून डबा खाली काढला. माझी गिटार, पण आई म्हणायची तसा डबाच तो, ‘आवरा तो डबा आता’. वरचा पत्रा काळवंडलाय. आतली अॅल्युमिनियमची वाटी एका बाजूला चेपलीय. पण करंगळीत काचेची नळी घालून तारांवरून एकदा सरकवली आणि खोलीतली भांडी किणकिणली. शेजारच्या खोलीतला घड्याळवाला दार वाजवून विचारायला आला, काय पडलं म्हणून.

मग मला ते बसस्टँडजवळचं हॉटेल आठवलं. एकच माइक, आपल्या दोघींत. तू त्याच्यापुढे उभी, मी शेजारी स्टुलावर. तुझी ओळ संपली की तू अर्धं पाऊल मागे सरायचीस आणि माझा डबा पुढे यायचा. तू परत पुढे आलीस की मी मान खाली घालून हात हलका करायची. कुणी बटणं फिरवत नव्हतं. आपण दोघी मागेपुढे होत होतो, एवढ्यावर सगळं चालायचं. हॉटेलवाला म्हणायचा, या पोरी नाचतात का भांडतात तेच कळत नाही.

त्या शेवटच्या तालमीत जे झालं ते मी इथे काढत नाही. तूही काढू नकोस.

कामाचं असं आहे. मी वाजवते तिथून मला हॉलमधला माझा आवाज ऐकू येत नाही. कधीच आला नाही. तो तू ऐकायचीस, शेवटच्या रांगेत जाऊन. तर यायला जमेल का? कार्यक्रम ऑक्टोबरच्या अखेरीस आहे. राहायला माझ्याकडे जागा आहे. नुसतं बसायचंय.

ताई


१९ सप्टेंबर

बारके,

तुझं उत्तर आलं. पाकीट मोठं, आत चार ओळी. अक्षर मात्र तसंच आहे, मुंग्यांनी रांग मोडल्यासारखं. ‘येणं जमणार नाही. डबा विकला नाहीस हे बरं केलंस. वाटी बदल, जुनी एका सुरावर ठणठणायची. कुठल्या ते तुला माहीत आहेच.’

मला माहीत नव्हतं. तुझं पत्र मांडीवर ठेवून एकेक सूर तपासत गेले. तिसऱ्या तारेवर, गिटारच्या दांड्याच्या मध्यावर. इतकी वर्षं माझ्याच मांडीवर ठणठणत होती आणि मला पत्ता नाही. वाटी बदलली. वरच्या जाळीचे स्क्रू चष्म्याच्या पेचकसानं निघाले, हा माझ्या धंद्याचा संगीताला झालेला पहिला उपयोग.

न येण्याचं कारण तू लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

थिएटरमध्ये साऊंड बघणारी एक बाई आहे. तिला सगळे वायरवाली म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. कमरेला चिकटटेपची रिंगणं लटकवून हिंडते, घरी जुळी मुलं आहेत, त्यामुळे आरडाओरडा झाला तरी तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. तिनं डबा उचलून बघितला, बोटांनी पत्र्यावर टिचकी मारली.

‘हिला माइक लावला की काय होतं?’

‘शिट्टी.’

‘होणारच. माइकला काय, कुणाचंही ऐकायचं एवढंच माहीत. गिटारचं ऐकून स्पीकरला सांगतो, स्पीकर बोलला की तेही ऐकतो आणि परत त्यालाच जाऊन सांगतो. त्यात तुमची ही वाटी कागदासारखी हलकी. स्पीकरचा आवाज अंगावर आला की स्वतःच थरथरायला लागते.’

मी म्हटलं, ‘पण लाऊडस्पीकर नव्हते तेव्हा बँडमध्ये ऐकू यावी म्हणूनच तर असली गिटार बनवली.’

‘तेव्हा ऐकू येत असेल,’ ती म्हणाली. ‘पुढे ड्रमवाले माजले.’ धडाड मागेच उभा होता. त्यानं छताकडे बघितलं.

तिचं म्हणणं, आत पिकअप बसवायचा. नाण्याएवढी चकती. वाटीच्या टोकावर लाकडाचं बिस्किट असतं ना, ज्यावर तारा टेकतात, त्याच्या खालच्या अंगाला चिकटवायची. ती हवेतलं काही ऐकत नाही, फक्त लाकडाची थरथर ओळखते. म्हणजे शिट्टीची भीती कमी.

मी सांगितलं, डब्याच्या पोटात मी कुणाला हात घालू देणार नाही.

‘नका देऊ. मग शेवटच्या रांगेला मी तोंडी सांगेन तुम्ही काय वाजवलंत ते.’

वाईट बोलली, पण मला हसू आलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी माझ्याशी तुझ्यासारखं बोललं.

बसवला. दोघींनी मिळून. वाजवून बघितलं तर स्पीकरमधून जे बाहेर आलं ते ऐकून मी हात काढून घेतला. डब्यात माशी अडकावी तसा आवाज. मी म्हटलं, ‘ही माझी गिटार नाही.’

‘अर्धी आहे,’ ती म्हणाली. ‘जाडी याच्याकडून घ्यायची, श्वास माइककडून. दोघांना थोडं थोडं उघडायचं. माइक शिट्टीच्या अलीकडे थांबवायचा आणि उरलेलं ओझं पिकअपवर टाकायचं. नांदतील. वेळ लागेल.’

बारके, कधी कधी वाटतं, आपला बँड सोडून जायच्या आधी तू दोन वर्षं थांबली असतीस तर. पण तेव्हा हे सगळं आपल्याकडे कुठे होतं, आणि होतं तरी मी पोटात हात घालू दिला असता का.

न येण्याचं कारण विचारत नाही म्हटलं होतं. विचारते.

ताई


८ ऑक्टोबर

बारके,

तुझं पत्र दुकानात आलं आणि मी गिऱ्हाईक समोर असताना फोडलं. वाचून झाल्यावर त्या माणसाला मी भलत्याच नंबरचा चष्मा दिला. तो आरशात बघून म्हणाला, छान दिसतंय. आज परत आला.

‘घशात गाठ होती. किरकोळ ऑपरेशन. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजाची नसही गेली. आता कुजबुजण्याइतकं उरलंय, तेही खाली खर्जात.’ एवढं लिहून पुढे तू हवापाण्याची चौकशी केली आहेस. किरकोळ म्हणे. आणि वर्ष होऊन गेलं, आणि कुणाला कळवलं नाहीस. मावसभावालाही नाही, म्हणजे खरोखरच कुणालाही नाही.

म्हणजे त्या दिवशी फोनवर तू बोलत होतीस. मी जिला खरखर समजले ती तू होतीस. तू बोलत असताना मी फोन ठेवला.

काय म्हणत होतीस ते लिही. माझ्या मनातून जात नाही.

मी तुझ्या नवऱ्याची चौकशी करत नाही, तो तिथे नाही हे तुझ्या पत्रात ‘मी’ किती वेळा येतं त्यावरून कळलं. जेवण वेळेवर करतेस का? खोकला आहे का? दिवसभर न बोलता कशी राहतेस? तू झोपेतसुद्धा बडबडायचीस.

आता दुसरं सांगते, कारण ते तुलाच कळेल.

काल तालीम झाली. वायरवाली म्हणाली, ‘तुम्ही आज नुसतं वाजवा, मी दोन्ही आवाज वेगवेगळे टिपून घेते.’ वाजवलं. मग तिनं मला स्टेजवरून खाली बोलावलं. ‘जा, शेवटच्या रांगेत बसा. धडाड आणि बासवाला खरंखुरं वाजवतील. तुमची गिटार मी टेपवरून सोडते. ती कशी ऐकू येते ते तुम्हीच ऐका.’

शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाताना मला स्टेजवर जाण्यापेक्षा जास्त धडधडलं. खुर्च्यांना नवं कापड आहे, अजून त्याचा वास येतो. मी भिंतीलगत बसले, तू बसायचीस तिथे. तिकडे लांब माझं रिकामं स्टूल, दिव्याखाली.

ती लांबून ओरडली, ‘आधी जुन्या पद्धतीनं. फक्त माइक, शिट्टीच्या अलीकडे थांबवलेला.’

धडाडनं सुरुवात केली. बासवाला आला. मी वाट बघत राहिले माझी गिटार कधी सुरू होते याची. बराच वेळ गेला. मग वायरवालीनं हात वर करून विचारलं, कसं आहे? आणि मला समजलं, ती केव्हाची वाजत होती. काय वाजतंय हे मला पाठ होतं, म्हणून मध्ये मध्ये एखादी तार लागल्याचा भास होत होता, एवढंच. ज्याला पाठ नाही त्याच्यासाठी तिथे काही नव्हतं. ड्रम होते, बास होता, आणि तेव्हा त्या स्टुलावर एक बाई नुसतीच मान डोलावत हात हलवत असणार, हातवारे केल्यासारखी.

मी सांगितलं होतं त्या तालमीचं काढणार नाही. काढते. मोठ्या बँडसाठी माणसं न्यायला आलेला तो बँडमास्तर म्हणाला होता, ‘गळा पाहिजे, गिटार ऐकू येत नाही तर नेऊन काय करू?’ मी तुझ्याकडे बघितलं. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘ताई, खरंच ऐकू येत नाही. वर्ष झालं येत नाहीये.’ मी म्हटलं, ‘मग शेवटच्या रांगेतून दर वेळी अंगठा कशाला दाखवायचीस?’ तू म्हणालीस, ‘तुझा चेहरा बघून.’

मला इतकी वर्षं वाटत होतं, बँडमास्तराबरोबर जायला मिळावं म्हणून तू खोटं बोललीस. काल त्या खुर्चीत बसल्यावर कळलं की खोटं तू त्याआधीचं वर्षभर बोलत होतीस, माझ्यासाठी. दर कार्यक्रमाआधी तेवढं लांब चालत जायचं, काहीच न ऐकणं ऐकायचं, आणि तिथून अंगठा दाखवायचा. कसं जमायचं तुला? मी एकदाच बसले आणि माझ्यानं हात वर उचलवला नाही.

यात चूक कोणाची ते मला ठरवता येत नाही. तू ठरवू नकोस. राहू दे.

मग तिनं माइक कमी केला आणि पिकअप उघडला. माशी आली, पण शेवटच्या रांगेपर्यंत आली. मग दोन्ही, थोडं थोडं. माशी हळूहळू विरली, पत्र्याची झिलई आली, काच तारेवरून घसरते तो बारीक सरसर आवाजसुद्धा आला. धडाड जोरात वाजवत होता आणि त्याच्या मधून, त्याच्या खालून नाही, मधून, आपला डबा चालत येत होता. मी पहिल्यांदा ऐकला, बारके. छान आहे गं आवाज. तू सांगायचीस तेव्हा मला वाटायचं, बहीण आहे म्हणून सांगते.

वायरवालीला मी तुझ्याबद्दल सांगितलं. ती लगेच म्हणाली, ‘कुजबुज का असेना, मी हॉलभर नेईन. येऊ द्या त्यांना.’

येशील?

ताई


२७ ऑक्टोबर

बारके,

कार्यक्रम झाला. आधी तुझ्या पत्राचं.

‘ताई, मोठ्यानं बोल, खाली ट्रक उभा आहे.’ हे म्हणत होतीस तू. मी रात्ररात्र काय काय कल्पना केल्या होत्या. चूक झाली म्हणत असशील, शिव्या देत असशील, रडत असशील. आणि बाईसाहेबांच्या खिडकीखाली ट्रक. मी दुकानात एकटीच हसत बसले आणि मग डोळे पुसायला काचा पुसायचं फडकं घ्यावं लागलं.

स्टेजवर येणार नाही म्हणालीस, ते पटलं. ‘जे उरलंय ते मोठं करून लोकांना दाखवायचं नाही.’ ठीक. मी परत म्हणणार नाही.

आता कार्यक्रमाचं. हॉल भरला नव्हता, पण रिकामाही नव्हता. आपल्या वेळची माणसं होती, बरीचशी माझ्याच दुकानाच्या चष्म्यांतून बघत होती. पहिली दोन छान झाली. एकदा शिट्टीची चाहूल लागली, मी स्टूल स्पीकरकडून जरा वळवलं आणि ती गेली. लोकांना ऐकू येत होतं. मला ते त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. नळी वर सरकली की त्यांच्या माना सरकत होत्या.

मग तिसरं घेतलं. तुझं, ते संथ गाणं. घ्यायचं नव्हतं, पण धडाडनं काठ्या ठेवून हळू वाजवायचे ब्रश हातात घेतले आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हा हात तिकडेच गेले.

माझ्या एक गोष्ट कधी लक्षात आली नव्हती. त्या गाण्यात मी नुसती उत्तरं वाजवते. तू ओळ म्हणायचीस, मी उत्तर द्यायची. ओळ, उत्तर. माझे हात तेवढेच शिकलेत. तर ओळीच्या जागी मी थांबत होते आणि तिथे काहीच नव्हतं. पूर्वी एकटी घरी वाजवायचे तेव्हा त्या जागा मला जाणवल्या नाहीत. पण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये गिटार इतकी लख्ख ऐकू आली, की तू नाहीस हेही तेवढंच लख्ख ऐकू आलं. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी शब्द पुटपुटायला सुरुवात केली. शब्द चुकत होते, सूर तर विचारूच नकोस. दुसऱ्या कडव्याला त्याही गप्प झाल्या. मी थांबत होते, हॉल थांबत होता, मग मी उत्तर देत होते. पूर्ण केलं.

टाळ्या झाल्या, पुष्कळ झाल्या. नंतर धडाड म्हणाला, ‘तिथे मी हळू वाजवलं, लक्षात आलं का?’ म्हटलं, ‘आलं. आयुष्यात पहिल्यांदा.’ तो म्हणाला, ‘तेव्हाच वाजवायला हवं होतं.’ आणि झांजा पिशवीत भरायला लागला. त्याच्याकडून एवढं खूप झालं.

वायरवाली केबल गुंडाळत आली. ‘तिसऱ्या गाण्यात मध्ये मध्ये थांबत का होतात? मला वाटलं केबल गेली.’

मी म्हटलं, ‘तिथे माझी बहीण गायची.’

 तिनं केबल गुंडाळून संपवली, तिला टेप लावला, आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून गेली.

घरी आल्यावर मी ठरवलं आहे. तू इकडे येणार नाहीस, तर मी तिकडे येते. नको म्हणायला तुला पत्र लिहावं लागेल, आणि ते पोचायला वेळ लागतो.

ताई


४ नोव्हेंबर

बारके,

तू नको म्हटलं नाहीस. ‘खोली लहान आहे’ एवढंच लिहिलंस. लहान चालेल. केबल आणत नाही, माइक नाही, काही नाही. डबा आणि दोन जोडी कपडे.

पण एक अडचण आली. डबा मोठ्यानं बोलतो. तुझा आवाज जेवढा उरला आहे म्हणतेस, त्याच्यावर मी नेहमीसारखी एक तार जरी छेडली तरी तू बुडशील. हयातभर हिला मोठं कसं करायचं याच्याच मागे होते, आता उलटं शिकतेय. तारा खाली उतरवल्यात, खर्जाला जुळतील अशा. तारांखाली, बिस्किटालगत, काचा पुसायच्या फडक्याची घडी सरकवून बघितली. आवाज मऊ झाला पण गुदमरला. मग अर्धी घडी. मग बोटांत घालायची पत्र्याची नखं काढून नुसत्या बोटांनी.

टेबलावर गजराचं घड्याळ ठेवते. त्याची टिकटिक ऐकू येत राहील एवढंच वाजवायचं. पहिले दिवस पहिल्याच तारेला टिकटिक गायब. घड्याळवाला म्हणाला, ‘काय, गिटार बिघडली का? भिंतीतून येईनाशी झाली.’ तेव्हा समजले, जमतंय. काल तुझं संथ गाणं पूर्ण वाजवलं, आणि टिकटिक एकदाही बुडाली नाही.

तू गाच असं नाही. पुटपुट, नुसते ओठ हलव, मला चालेल. कुठे थांबायचं ते मला पाठ आहे, आणि यावेळी मी उत्तराची घाई करणार नाही.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं येते. स्टेशनवर येऊ नकोस, वाऱ्यात उभी राहशील. पत्ता विचारत येईन. दारावर तीनदा वाजवेन, ‘कोण आहे’ म्हणायला जाऊ नकोस, मीच असेन. चहा झाला की तू खुर्चीत बस, मी तुझ्या शेजारी खाली बसते.

सुरुवात तू कर. मी मागून येते.

ताई